अडीच रुपयांचं बटण

आमच्या गाडीत बसल्यावर करायच्या गोष्टींचा क्रम अगदी अलीकडेपर्यंत ठरलेला होता. आधी पट्टा. मग आरसा नीट करायचा, कारण आदल्या रात्री चिरंजीवांनी गाडी नेलेली असते आणि ते माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. मग डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार, मग किल्ली. इंजिन सुरू झालं की स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, गुडघ्याच्या वर, बाणाच्या वेटोळ्यात ‘ए’ अक्षर असलेलं एक बटण आहे, ते दाबायचं.

या बटणाने गाणं लागत नाही की काच खाली येत नाही. ते दाबल्याने एक गोष्ट व्हायची टळते, एवढंच. लाल सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन आपलं आपण बंद होत नाही.

हे एकदा दाबून भागत असतं तर मी लेख लिहायला बसलो नसतो. मंडईतून कोथिंबीर घेऊन परत गाडीत बसलं की पुन्हा बटण. पेट्रोल भरून निघालं की पुन्हा बटण. या गाडीला बाकी सगळं लक्षात राहतं. रेडिओ कुठल्या स्टेशनवर होता, एसी कितीवर होता, गेल्या दिवाळीत आलेल्या भाच्याचा फोन कोणता, सगळं. बटण तेवढं ती विसरते. एकदा बायको म्हणाली, “अहो, आधी बटण दाबून मग नमस्कार करत जा. तुमचं सगळं लक्ष त्या बटणात असतं, गणपतीकडे बघतसुद्धा नाही तुम्ही.”

आता यावरून मी पेट्रोल उधळणारा माणूस आहे असा ग्रह कृपा करून होऊ देऊ नका. ज्या घरात खोलीतून बाहेर पडणारा शेवटचा माणूस पंख्याच्या बटणाला जबाबदार असतो, अशा घरात मी वाढलो. आमचे वडील कात्रजचा घाट उतरताना बोगदा संपला की स्कूटर बंद करायचे आणि खालपर्यंत फुकट यायचे. (चारचाकीत हे करू नये. इंजिन बंद झालं की ब्रेकमागचं बळ जातं, स्टिअरिंग जड होतं आणि वाचलेलं पेट्रोल दवाखान्यात खर्च होतं.) स्कूटर चालू होत नसेल तर तिला एका अंगाला तिरकी करून पुन्हा किक मारायची, हे शिक्षण मला मुंजीच्या आधी मिळालं. आमच्याकडे कोणी नवी गाडी घेतली तर पेढा तोंडात जाण्याआधी “किती ॲव्हरेज देते?” हे विचारलं जातं आणि उत्तर ऐकल्यावर पेढा घ्यायचा की नाही ते ठरतं.

सिग्नलला इंजिन बंद करणं तर मी वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने करत आलोय. दिल्लीत २०२० साली सरकारला ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ अशी मोहीम काढून चौकाचौकांत फलक घेतलेली माणसं उभी करावी लागली. आम्हाला पुण्यात फलक लागत नाहीत. हिशोब लागतो, तो पाठ असतो. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं जागेवर घुरघुरत असलं तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी लावला तर आणखी. पाऊण धरा. दोन मिनिटांच्या सिग्नलला २५ मिलिलिटर. लिटरचा भाव १०० च्या वर. म्हणजे सिग्नलामागे अडीच रुपये! किल्ली फिरवून इंजिन बंद करताना मी शेजारच्या गाडीकडे एकदा बघून घ्यायचो. शेजारचा इंजिन चालू ठेवून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असायचा. अडीच रुपयांत एवढं समाधान दुसरीकडे कुठे मिळतं?

आणि मग आम्ही ही गाडी घेतली. शोरूममध्ये किल्ली हातात देण्याआधी एका गोड बोलणाऱ्या मुलाने गाडीतल्या सगळ्या सोयी भराभर सांगितल्या. त्यातल्या निम्म्या मी ऐकल्या नाहीत, कारण माझं लक्ष फुकट मिळणाऱ्या पायपुसण्यांवर होतं. “सर, ही सिग्नलला आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की आपोआप चालू होते. तुम्हाला काहीच करायचं नाही.”

तिथेच माझ्या मनात कुठेतरी दुखलं. काहीच करायचं नाही म्हणजे? मग अडीच रुपये वाचवले कोणी?

पहिल्या रविवारी साताऱ्याहून सासरे गाडी बघायला आले. त्यांना पुढे बसवून कर्वे रोडने निघालो. नळस्टॉपला सिग्नल लागला. मी गाडी न्यूट्रलला टाकली, क्लचवरचा पाय काढला आणि इंजिन गप्प झालं. सासऱ्यांच्या पिढीने फियाट नावाच्या गाडीवर प्रेम केलेलं आहे आणि त्या प्रेमाचा मोठा भाग तिला मागून ढकलण्यात गेलेला आहे. थंडीत चोक ओढायचा, बॅटरीने मान टाकली की घरातले सगळे पुरुष खाली, गाडी सेकंडला, आणि उतार कुठल्या बाजूला आहे ते बघून धक्का. इंजिनाचा आवाज थांबला की त्यांच्या पायांना मेंदूची परवानगी लागत नाही. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी पट्टा सोडला होता आणि दार उघडलं होतं.

“जावईबापू, तुम्ही क्लच धरून बसा. मी सांगितलं की सोडा.”

“अहो बाबा, बंद नाही पडली, ती मुद्दाम...”

“सेकंडला टाका!”

आरशात बघतो तर सासरे डिकीवर दोन्ही हात रोवून उभे. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली, पाहिलं आणि माणुसकी दाखवून तोही उतरला. एवढ्यात हिरवा दिवा लागला. मागून हॉर्नांचा भडका उडाला. मी घाबरून क्लच दाबला, इंजिन तत्परतेने सुरू झालं आणि गाडी पुढे निघाली. सासऱ्यांना रस्त्यावर सोडून मी चौक ओलांडला, कारण कर्वे रोडवर हिरव्या दिव्याला थांबणं जिवावर बेतू शकतं. मग पुढे डावीकडे गाडी लावून वाट बघत बसलो. पाच मिनिटांनी ते घाम पुसत आले. चेहऱ्यावर कृतार्थ भाव. “एका धक्क्यात घेतली!” म्हणाले. “इंजिन चांगलं आहे, बॅटरी बदलून घ्या.”

त्यांची आजही अशीच समजूत आहे. साताऱ्यातल्या सगळ्या नातेवाइकांना जावयाने नवी कोरी गाडी घेतली आणि ती पहिल्याच दिवशी सासऱ्यांना ढकलावी लागली, हे ठाऊक आहे. मी खुलासा करणं सोडून दिलंय.

दुसरा प्रश्न एसीचा. या गाड्यांमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की तो थांबतो आणि मागे राहतो नुसता पंखा, जो आहे तीच हवा तोंडावर मारत बसतो. मे महिना, दुपारचे दोन, स्वारगेटचा सिग्नल, अशा मुहूर्तावर आमच्यात झालेला संवाद असा:

“एसी बंद केलात ना?”

“मी नाही केला. गाडीने केला.”

“गाडी कोण चालवतंय?”

याला उत्तर नव्हतं. शिवाय बायकोचा संशय निराधार म्हणता येत नाही. कात्रजच्या चढाला गाडी ओढत नाही म्हणून एसी बंद करणारा आणि चढ संपल्यावर तो परत लावायचं सोयीस्करपणे विसरणारा माणूस मीच. इतकी वर्षं कमावलेली कीर्ती अशी आडवी आली. आता गाडीने स्वतःच्या अकलेने केलेली काटकसरसुद्धा माझ्याच नावावर जमा होते, पण शिव्यांच्या खात्यात. गंमत म्हणजे आत फार गरम झालं तर गाडी स्वतःहून इंजिन पुन्हा चालू करते. म्हणजे आम्ही दोघं तोंडं फिरवून घामाघूम बसलेलो, चौकात क्षणभर शांतता, आणि कोणीही कशालाही हात न लावता पुढून एकदम घर्रर्र! पहिल्यांदा हे झालं तेव्हा बायकोच्या हातातली ताकाची बाटली माझ्या विजारीवर रिकामी झाली. त्या सिग्नलचे वाचलेले अडीच रुपये लॉन्ड्रीवाल्याला गेले.

आणि हे सगळं सिग्नल दोन मिनिटांचा असेल तेव्हाचं. पुण्यात खरा प्रश्न सिग्नलचा नसतोच. संध्याकाळी सिंहगड रोडला गाडी थांबत नाही आणि चालतही नाही, ती सरकते. दोन हात पुढे, थांबा. इंजिन बंद. समोरची पीएमपी बस दोन हात सरकली, क्लच, इंजिन चालू. थांबा. बंद. जाणकार सांगतात की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तरच इंजिन बंद करण्यात फायदा. आता पुढची पीएमपी किती सेकंदांनी सरकणार हे तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसतं, तिथे माझ्या गाडीला कसं कळावं?

पुन्हा चालू व्हायला इंजिन अर्धा सेकंदही घेत नाही, असं कंपनीच्या पुस्तकात अभिमानाने छापलंय. ते पुस्तक लिहिणारा कधी पुण्यात आलेला नाही. आमच्याकडे मागच्याचा हॉर्न हिरव्या दिव्यानंतर येत नाही, सिग्नलवरचा उलटा आकडा तीनवर आला की येतो. म्हणजे अर्धा सेकंद सोडाच, तुमच्याकडे उणे तीन सेकंद असतात.

मग मी एक युक्ती काढली. गाडी न्यूट्रलला न टाकता पहिल्या गिअरमध्येच ठेवायची आणि सिग्नल संपेपर्यंत क्लच दाबून धरायचा. इंजिन बंद होत नाही, बटण विसरलं तरी चालतं. युक्ती उत्तम चालली. फक्त काही महिन्यांनी डावी पोटरी दुखायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, “जिने चढउतार करता का?”

“नाही, सिग्नलला थांबतो.”

त्यांनी मला मानेचाही एक एक्स-रे काढायला सांगितला. पुढे सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा गॅरेजवाला क्लचच्या पेडलवर पाय ठेवून गूढ हसला. “साहेब, सिग्नलला पाय इथेच असतो ना?” काही गॅरेजवाले ज्योतिष सांगू लागले तर चांगले कमावतील. क्लच प्लेटच्या खर्चाचा आकडा इथे देत नाही, हा लेख बायको वाचणार आहे.

अखेर मी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांकडे गेलो. त्यांचं सगळं आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनांच्या तपासणीत गेलं. निवृत्त इंजिनिअरला गाडीविषयी प्रश्न विचारताना घरी जेवायला थांबू नका असा निरोप देऊन जावं. काकांनी १९७० च्या दशकापासून सुरुवात केली. तेव्हा टोयोटाने क्राऊन गाडीत असली यंत्रणा बसवून पाहिली, मग फियाटने, फोक्सवॅगनने, आणि आपल्याकडे महिंद्राने स्कॉर्पिओ-बोलेरोत ‘मायक्रो हायब्रीड’ या भारदस्त नावाखाली आणली. मी हळूच मूळ प्रश्नावर आलो. “पण काका, ती रोज विसरते कशी?”

“विसरत नाही. तिला विसरायला लावलंय.” काकांनी खिडकीतून वेताळ टेकडीकडे बोट केलं. “तिकडे एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे ना, तिथे गाडी रोलरवर चढवतात. ठरलेल्या सेकंदाला पळवायची, ठरलेल्या सेकंदाला थांबवायची. थांबलेल्या वेळात इंजिन बंद राहिलं की ॲव्हरेजचा आकडा वर जातो. तोच आकडा तुम्ही शोरूममध्ये पहिला विचारता. आता तुमचं बटण कायमचं बंद राहायला लागलं तर त्या आकड्याला अर्थ काय?”

म्हणजे रोज सकाळी माझी गाडी परीक्षेच्या तयारीत उठते आणि मी बटण दाबून तिला सांगतो की परीक्षा संपली, आपण कोथरूडला चाललोय. मी काकांना म्हटलं, “पण स्कूटरवर याच सोयीचा साधा खटका असतो. खाली केला की खालीच राहतो. लाखाच्या स्कूटरला जमतं ते दहा लाखांच्या गाडीला का नाही?” काका गप्प झाले आणि म्हणाले, “चहा घेणार?” तेव्हा मला कळलं की प्रश्न बरोबर होता.

काकांकडून निघताना आणखी एक ज्ञान मिळालं. इंजिन आपोआप बंद व्हायला अटी असतात. ते पुरेसं तापलेलं हवं, बॅटरी पुरेशी भरलेली हवी, ड्रायव्हरचा पट्टा लावलेला हवा, दार बंद हवं, बॉनेट बंद हवं. इतक्या अटी आमच्या गृहकर्जाला नव्हत्या. पण जिथे अटी असतात तिथे पळवाटा असतात, आणि घरात हिंजवडीला नोकरी करणारा मेहुणा असला तर त्या एका रविवारात सापडतात. त्याने इंटरनेटवरून एक काडेपेटीएवढी डबी मागवली. ती बटणाच्या मागे जोडली की बटणाला म्हणे कायमचं लक्षात राहतं.

“भाऊजी, दहा मिनिटांचं काम आहे.”

ज्या कामाला मेहुणे दहा मिनिटं लागतील म्हणतात, त्या दिवशी बाहेरचं जेवण ठरवून ठेवावं. संध्याकाळी डॅशबोर्डची झाकणं परत बसली तेव्हा दोन क्लिपा उरल्या होत्या. मेहुणा म्हणाला, कंपनीवाले जास्तच लावतात. तेव्हापासून गाडी डावीकडे वळली की आतून कट्कट् असा आवाज येतो. बटणाला अजूनही काही आठवत नाही. वॉरंटीचं काय झालं, हे मी विचारायला गेलेलो नाही.

मग त्याने बॉनेटच्या सेन्सरची वायर काढली. आता गाडीला वाटायला लागलं की बॉनेट कायम उघडं आहे. इंजिन बंद व्हायचं थांबलं, हे खरं. पण समोरच्या पडद्यावर टोपण उघडलेल्या गाडीचं चित्र आणि सोबत टिंग टिंग. जो कोणी शेजारी बसेल तो म्हणे, “बॉनेट उघडं आहे वाटतं.” दर वेळी खुलासा करण्यापेक्षा मी उतरून बॉनेट दाबल्यासारखं करून यायला लागलो. सासरे पुन्हा आले तेव्हा मी काही बोलायच्या आत ते उतरून बॉनेटवर बसले. दुसऱ्या दिवशी मी वायर परत लावून घेतली.

याच सुमारास वाचनात आलं की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनी २०२५ च्या मे महिन्यात जाहीरच केलं, ही सोय सगळ्यांना नकोशी आहे आणि आपण तिचा बंदोबस्त करणार आहोत. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. जी गोष्ट अख्ख्या अमेरिकेला आवडत नाही ती आपल्यालाही आवडू नये, यात पुणेकर म्हणून माझं वेगळेपण ते काय राहिलं? त्या आठवड्यात मी बटण जरा अनिच्छेनेच दाबलं.

आणि मग हिवाळ्यात कधीतरी सर्व्हिस सेंटरच्या मुलाने विचारलं, “सर, तुमचं स्टार्ट-स्टॉप किती दिवसांपासून चालत नाहीये?”

“चालत नाहीये म्हणजे? मी रोज बंद करतो!”

“नाही सर. ते आधीच बंद पडलंय. बॅटरी कमजोर झाली की यंत्रणा आपोआप इंजिन बंद करणं सोडून देते.”

म्हणजे कित्येक दिवस मी पट्टा, आरसा, गणपती आणि बटण असे सगळे विधी मनोभावे करत होतो आणि तिकडे ती यंत्रणा कधीच निवर्तलेली होती. सुतक संपलं तरी आम्ही आंघोळीच करतोय! पण खरं सांगायचं तर आश्चर्य मला माझंच वाटलं, कारण मी त्या मुलावर भडकलो. बंद पडलंय म्हणजे काय? त्या सोयीचे पैसे मोजलेत मी! माझ्या गाडीत ती चाललीच पाहिजे!

“पण सर, तुम्ही ती वापरत नव्हता ना?”

“तो माझा प्रश्न आहे.”

अशा गाडीला साधी बॅटरी चालत नाही. ईएफबी नाहीतर एजीएम जातीची, वारंवार चालू-बंद सोसणारी बॅटरी लागते, आणि ती साधीपेक्षा बरीच महाग असते. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, “साहेब, साधी टाकतो, कोणाला कळतंय?” मी रात्रभर विचार केला. महाग बॅटरी घेतली आणि बटण दाबत राहिलो, तर पैसे पाण्यात. साधी घेतली तर सासरे म्हणाले होते तेच खरं ठरणार, की या गाडीच्या बॅटरीतच खोट आहे. सकाळी महाग बॅटरी बसवून घेतली.

आता मी बटणाला हात लावत नाही. बॅटरीची किंमत वसूल व्हायची आहे. सिग्नलला इंजिन बंद झालं की मी शेजारच्या गाडीकडे एकदा बघून घेतो आणि मनात अडीच रुपये जमा करतो. बायकोने हातपंखा घेतलाय. चिरंजीव म्हणतात, “बाबा, बॅटरीचे पैसे सुटायला किती सिग्नल लागतील, हिशोब केलात का?” तो केलाय. तोवर नवी बॅटरी घ्यायची वेळ येते.

तुम्ही गाडी घ्यायला निघाला असाल तर शोरूममध्ये ॲव्हरेज विचारण्याआधी एवढंच विचारा, की बटण दाबलं तर उद्या सकाळी त्याला आठवेल का. उत्तर देण्याऐवजी समोरच्याने चहा विचारला, तर चहा घ्या आणि दुसरं शोरूम गाठा.